वाकडं झाड

समुद्र मी पाहिला तेव्हा चाळिशी उलटली होती.
तोवर समुद्र म्हणजे एक माणूस,
दर तीन वर्षांनी खेचरावरून येणारा,
कमरेला दौत, हातात लोखंडी शिक्का,
शिक्क्यावर पंख फुटलेला सिंह.
आमच्या टेकडीवरचं एकेक ओकचं झाड तो मोजायचा.
बुंध्यावर ठोका पडला की झाड व्हेनिसचं.
सावली तेवढी आमची,
तीही तो सावलीत जेवायला बसेपर्यंत.

सरळ झाडं कुणालाही दिसतात.
त्याला हवी असायची वाकडी.
बाप सांगायचा, जहाजाच्या बरगड्या वाकड्या असतात रे,
करवतीने वळवलेलं लाकूड पहिल्या वादळात चिरतं,
वाकतच वाढलेलं टिकतं.
म्हणून कोवळ्या रोपांना आम्ही दगड टांगायचो.
बकऱ्यांमागे जाता जाता
दोर चाचपायचा, सैल करायचा, पुन्हा आवळायचा.
आज्याने टांगलेला दगड बापाच्या म्हातारपणी उतरला.
एका झाडात तर त्याचा दोर रुतूनच बसला होता,
साल वरून वाढली,
जखम मिटावी तशी.

तेवढ्या काळात तो सिंह
कुठल्या कुठल्या बेटांवर जाऊन बसला.
मीठ, मिरी, साखर, रेशीम,
कुणाचं काय काय त्याच्या पंजाखालून जायचं,
आम्हाला रविवारी देवळात कळायचं.
पाद्री विजयाची घंटा वाजवायचा.
बेटाचं नाव त्यालाही धड घेता यायचं नाही.

बास्तियानचं आढं मोडलं त्या हिवाळ्यात
त्याने एक झाड पाडलं. एकच. रात्री.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात;
त्याचे फिरले नाहीत, मोजले गेले.
एक आढं, दोन तुळया, ढलप्यांची अर्धी टोपली.
शिक्षा: अठरा महिने वल्ह्यावर.
ज्याने लाकूड घेतलं, त्याला लाकडालाच बांधलं.
त्याची बायको मेनेगा छपराच्या भोकाखाली पातेलं ठेवायची.
पाऊस निदान बोलतो, म्हणायची,
बर्फ नुसतंच भरत जातं.

मग एका वसंतात ओंडक्यांचा तराफा घेऊन
पियावे नदीतून मीच उतरलो.
उंच भिंतींच्या आत
हातोडे, उकळतं डांबर, करवतीचा भुसा,
रांगेत बसून शिडं शिवणाऱ्या बायका,
दाभणाने सोललेली बोटं.
सकाळी जहाजाचा सांगाडा होता तिथे
मी भाकरी खाऊन परतेस्तोवर दुसरा उभा.
त्याच्या उघड्या पोटात शिरलो, वर पाहिलं.
सातव्या बरगडीवर दोराचा वळ.
दुहेरी, आमच्या घरच्या गाठीसारखा.

अल्विझे मिस्त्री अभिमानाने म्हणाला,
बघ कसा बाक आहे,
याच्या जोरावर आम्ही अर्धं जग वळवलं.
असं लाकूड देवच वाकवतो.
मी मान हलवली.
आज्याच्या तळहातावर घट्टे होते,
देवाच्या असतील तर माहीत नाही.

बास्तियानचं विचारलं.
वहीत नाव सापडलं, पुढचा रकाना कोरा.
कारकून म्हणाला, कोरा म्हणजे कोरा.
परतताना नदी गढूळ होती,
झाडं गेली तशी टेकडीही मागोमाग निघालेली,
चिखल होऊन, खाडीकडे.

मेनेगाने विचारलं, समुद्र कसा असतो?
म्हटलं, नीट दिसला नाही.
आपलीच टेकडी आडवी उभी होती, पाण्यावर.
तिने पातेलं उचललं, बाहेर रिकामं केलं,
परत जागेवर ठेवलं.

परवा लेकाने एक रोप दाखवलं,
बोटाएवढं, सरळ.
दगड त्यानेच आणला होता, चांगला वजनदार.
मी म्हटलं, थांब, दोर शोधतो.
अजून शोधतोय.